लोणारच्या काठावर जुना कॅमेरा

रिसोड हे आमचे गाव. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला, तोवर ते अकोला जिल्ह्यात होते. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आमच्यापासून फार लांब नाही. या हिवाळ्यात घरची सगळी मंडळी आत्याला घेऊन एस.टी.ने तिकडे गेलो.

सोबत २००९ साली घेतलेला १० मेगापिक्सेलचा छोटा डिजिटल कॅमेरा होता. तो बदलायचा की नाही, यावर घरात महिनाभर वाद चालला होता. "हे डबडे भंगारात द्या," असे मुलाचे म्हणणे. थोडे पैसे साठले होते, पण त्यातूनच मुलीची परीक्षेची फीही भरायची होती. जावयाकडे नवा मोबाईल होता. मग ठरवले, लोणारला दोन्हींची परीक्षा घेऊ.

उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. आमच्या कॅमेऱ्यात ते एका फोटोत मावेना. मोबाईलने मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा काठ टिपला. २०२० साली जूनमध्ये याच सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते घडले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. लांबच्या झाडावर वानर बसले होते. ते टिपताना आमचे डबडे जिंकले, कारण त्याची भिंग पुढे सरकून वस्तू खरोखर जवळ आणते. मोबाईलचे चित्र नुसतेच ताणले जाऊन फिसकटले. सांज झाली, तेव्हा पुन्हा मोबाईल सरस ठरला.

एवढ्यात काठावर बसलेली आत्या म्हणाली, "माह्या बापाचा येक बी फोटू नाही. त्याचं तोंड आता फक्त मलेच माहीत हाये. मी गेल्यावर कोनाले माहीत राहीन?"

आम्ही सगळे गप्प झालो. आमचे आजोबा १९५६ साली दीक्षेसाठी नागपूरला गेले होते. तिथून ते काय घेऊन आले, हे आम्ही जगतो आहोत. पण ते दिसायला कसे होते, हे आम्हाला ठाऊक नाही.

रिसोडला परतल्यावर कार्ड फोटो स्टुडिओत नेले. त्यात कित्येक वर्षांचे फोटो पडून होते. बाबांचे शेवटच्या आजारापूर्वीचे फोटोही त्यातच होते. एकाचीही प्रत काढलेली नव्हती. काही फोटो उघडलेच नाहीत. बाबांचे उघडले, हे आमचे नशीब.

तेव्हा कळले, वाद भलत्याच गोष्टीवर चालला होता. ६ बाय ४ इंची फोटो इंचाला ३०० बिंदू धरून छापला तरी सुमारे २२ लाख बिंदू पुरतात. आमचा कॅमेरा १ कोटी बिंदू टिपतो. त्याला साधे सेल घातले तर लवकर उतरतात, पुन्हा चार्ज होणारे सेल पुष्कळ टिकतात. नवे कार्ड ३२ जीबीपर्यंतचेच घ्यावे. त्याहून मोठे जुन्या कॅमेऱ्यात बहुधा चालत नाही. भिंग धुळीने अडकून बाहेर येईनाशी झाली, तरच तो बदलू.

साठवलेल्या पैशांतून फी भरली. उरलेल्यांत सेल आणि नवे कार्ड आले. फोटोंच्या दोन प्रती काढून एक पेनड्राइव्ह आमच्याकडे आणि एक बहिणीकडे ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो बारीक होतो, म्हणून त्यावर विसंबलो नाही. निवडक फोटो छापून अल्बममध्ये लावले आणि प्रत्येकाच्या मागे नाव, गाव, साल पेन्सिलीने लिहिले.

वाचकहो, कॅमेरा जुना असो की नवा, आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो छापून घ्या. लोणारच्या काठावरचा आत्याचा फोटो आता आमच्या भिंतीवर आहे. मागे तिच्या वडिलांचे नावही लिहिले आहे.