सावित्रीकाठची शिकार

महाडजवळ सावित्री नदीला मिळणाऱ्या ओढ्यांवर पहिल्या पावसात आम्ही भावंडे आबांबरोबर शिकारीला जात असू. शिकार खेकड्यांची. सशाच्या वाटेला आबा गेले नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. बत्ती, काठी, डबा एवढेच सामान. आबा खेकडा उलटा करून बघत. पोटावरची झाकणी रुंद, म्हणजे मादी. झाकणीखाली पिल्ले असली की तिला पाण्यात सोडत. "तिच्या पोटाशी काय आहे ते आधी बघावं," म्हणत.

तेव्हा दादाला हुंड्यासकट स्थळ आले होते. ओढ्यातच आबा त्याला म्हणाले, "हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. अन् कायदा नसता तरी मुलीच्या बापाला शेत विकायला लावशील?" दादा गप्प.

लग्न त्याच मुलीशी झाले, हुंड्याशिवाय. पुढच्या पावसात बत्ती वहिनींच्या हातात होती.