डोकेदुखीवाल्यांची डोकेदुखी

दुसऱ्या नंबराविषयी मला पहिल्यापासून माया आहे. वर्गातला पहिला नंबर वही कधी देत नसे, दुसरा देई. म्हणूनच जर्मनीतला लेव्हरकूझन हा फुटबॉल क्लब मला घरचा वाटतो. १९०४ साली बायर कंपनीच्या कामगारांनी तो काढला. बायर म्हणजे ॲस्पिरिनवाले! जगाचं डोकं उतरवणाऱ्यांनी गावाच्या डोक्याला मात्र कायमचा ताप लावून दिला.

२००२ सालचंच घ्या. लीगचे तीन सामने उरलेले आणि हे पाच गुणांनी पुढे. आपल्याकडे एवढ्यावर पेढे वाटून झाले असते. ह्यांनी लागोपाठ दोन सामने घालवले. डॉर्टमुंड एका गुणाने विजेते! मग बर्लिनला जर्मन कपची फायनल. शाल्केने ४-२ असं धुतलं. चारच दिवसांनी ग्लासगोत चॅम्पियन्स लीगची फायनल. तिथे रेआल माद्रिदच्या झिदानने हवेतला चेंडू डाव्या पायाने असा काही हाणला की बस्स! २-१. मुहूर्त तीन, नवरदेव तोच, अन् माळ दर वेळी दुसऱ्याच्या गळ्यात. लोक ह्यांना 'फिझेकूझन' म्हणत. 'फिझे' म्हणजे 'उप'.

आणि २०२३-२४ मध्ये शाबी अलोन्सोच्या हाताखाली ह्यांनी लीगचे चौतीसच्या चौतीस सामने न हरता काढले! सगळ्या स्पर्धा धरून ओळीने ५१ सामने पराभव नाही. मी धसकलोच. बावन्नावा सामना डब्लिनला, युरोपा लीगची फायनल. अटलांटाकडून ३-० हरले, तेव्हा कुठे जुनी ओळख पटली.

तीन दिवसांनी त्यांनी जर्मन कप जिंकला म्हणे. ते मी मनावर घेतलेलं नाही.