पाण्याचा मान

मुलांनो, आधी एक गंमत करून पाहा. चिमटीत नाक धरा, तोंड उघडा आणि मनातल्या मनात सावकाश शंभर आकडे मोजेपर्यंत फक्त तोंडानंच श्वास घ्या. सोपं वाटतं ना? वीस-पंचवीसपर्यंत सोपंच आहे. पुढे मात्र कुणाला हसू फुटतं, कुणाचा घसा कोरडा पडतो, आणि एखाद्याला उगाचच वाटू लागतं की आपल्याला हवा पुरत नाही! खरं तर हवा पुरेशी मिळत असते. सवय नसते, एवढंच.

गेल्या दिवाळीआधी पंधरा दिवस वाशीमला आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी हा खेळ रंगायचा. आमची थोरली सातवीत आणि धाकटा चौथीत. दोघं नाकं धरून समोरासमोर बसायची आणि आधी कोण हसतं ते पाहायची. कारण दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला जाणार होतो, समुद्रात स्नॉर्केलिंग करायला.

स्नॉर्केलिंग म्हणजे काय, तर डोळ्यांवर आणि नाकावर घट्ट बसणारा काचेचा मास्क लावायचा, तोंडात एक वाकडी नळी धरायची आणि पाण्यावर पालथं तरंगायचं. चेहरा पाण्यात, नळीचं टोक पाण्याबाहेर. खोल बुडी मारायची नाही. वरूनच खालची दुनिया पाहायची.

हे सगळं ऐकून मुलांची आजी, म्हणजे माझी आई, एकच वाक्य बोलली, "पाण्यात जायाचं नाई, म्हंजे नाई."

हे वाक्य आमच्या घरात नवं नव्हतं. मीही ते ऐकतच मोठा झालो. त्यामागचं कारण मात्र मला फार उशिरा कळलं. आजीचा एक धाकटा भाऊ होता. अकरा वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत, कुणाला न सांगता, तो मित्रांबरोबर शेतातल्या विहिरीवर पोहायला गेला आणि परत आलाच नाही. त्या दिवसापासून आजीच्या माहेरी आणि नंतर सासरीही पाण्याची बंदी झाली. घरात कुणीच पोहायला शिकलं नाही. मीसुद्धा नाही.

आता तुम्हीच सांगा, बंदी केल्यानं मुलं पाण्यापासून दूर राहतात का? तो मुलगाही चोरूनच गेला होता. आपल्याकडे मे महिन्यात ऊन तापलं की तलाव, धरण, विहीर, शेततळं मुलांना बोलावतंच. पाण्याची भीती असलेला मुलगाही मित्रांच्या आग्रहापुढे कधीतरी उतरतो, आणि उतरल्यावर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

मी आजीला म्हटलं, "आई, मुलं चोरून शिकण्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर शिकलेली बरी."

आजी दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले बी घेऊन चाला. मी नावीत बसून पायतो लेकराइकडे."

झालं! चारांची पाच तिकिटं झाली.

मालवण आपल्या वाशीमपासून सुमारे आठशे किलोमीटर. 'आपला आणि समुद्राचा काय संबंध?' असं धाकट्यानं विचारलं. तुम्हालाही वाटत असेल. पण नकाशा उघडून पाहा. आपल्या जिल्ह्यात काट्याजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेकडची पैनगंगा मात्र वर्धा नदीला मिळते आणि पुढे प्राणहिता, गोदावरी असं करत तिचं पाणी बंगालच्या उपसागराला पोचतं. म्हणजे आपल्या एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो! आपण समुद्रापर्यंत गेलो नाही, तरी आपलं पाणी रोज जातंच आहे.

भाऊबीजेच्या रात्री आम्ही एसटीनं निघालो. पुण्याला मुलांच्या मावशीकडे एक मुक्काम करून पंचमीच्या आदल्या संध्याकाळी मालवणला पोचलो. पंचमीचा दिवस आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर पाहून ठरवला होता. मुहूर्त पाहून नव्हे, भरती-ओहोटी पाहून!

किनाऱ्यावरच्या लोकांचा हा जुना हिशेब तुम्हीही वहीत लिहून ठेवा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. पंचमीची पाऊणपट म्हणजे पावणेचार. त्या दिवशी साधारण पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. दुसऱ्या पंधरवड्यात प्रतिपदेपासून पुन्हा हाच हिशेब. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे जमतं कसं? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तासच की! गावागावांनुसार थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हा हिशेब पक्का. त्यावरून सकाळी साडेनऊच्या आसपास ओहोटी संपणार, पाणी उथळ आणि शांत असणार, हे आम्ही वाशीमला बसूनच काढलं होतं.

सकाळी होडी निघाली. समोर सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधून घेतलेला. पायाच्या दगडांत शिसं ओतलेला हा किल्ला साडेतीन शतकं लाटा झेलत उभा आहे. चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! आजीनं किल्ल्याला हात जोडले आणि मग होडीची कड जी धरली, ती सोडलीच नाही.

होडी किल्ल्यापासून थोड्या अंतरावर थांबली. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतीच. गाईडदादांनी आधी तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. पहिली, श्वास तोंडानं आणि सावकाश. दुसरी, हवा भरलेलं रबरी कडं सोडायचं नाही. तिसरी, काही बिघडलं तर आरडाओरडा न करता उताणं व्हायचं आणि एक हात वर करायचा.

धाकट्यानं विचारलं, "दादा, नळी एवढीशीच का? पाच फूट लांब असती तर आपण खाली जाऊन बसलो असतो!"

गोष्टींत नाही का, नायक तोंडात बोरू धरून तळ्याच्या तळाशी लपून बसतो! पण खरोखर तसं होत नाही. पाण्याला वजन असतं. फक्त एक मीटर खाली गेलं, तरी छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम जादा भार येतो. म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढ्या जागेवर जवळजवळ दहा किलो! एवढा भार छातीवर असताना वरची हवा आत ओढायला बरगड्या फुगणारच नाहीत. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली शिळी हवा अडकते आणि तीच पुन्हा आत येते. म्हणून नळी वीतभर-दीडवीतच हवी. पाणबुडे खोल जातात, ते पाठीवर दाबाखालच्या हवेची टाकी घेऊन.

आणि काच कशाला? पाण्यात उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर सगळं धूसर दिसतं. आपल्या डोळ्याला हवेतून येणारा प्रकाश वळवायची सवय असते. डोळ्यापुढे पाणी आलं की प्रकाश पुरेसा वळत नाही. मास्कमुळे डोळ्यापुढे हवेचा कप्पा राहतो आणि सगळं स्वच्छ दिसतं. फक्त प्रत्येक वस्तू एक तृतीयांशानं मोठी आणि जवळ भासते. तेव्हा कुणी "हाऽऽ एवढा मासा पाहिला" म्हणालं, तर त्यातून थोडा वजा करा!

थोरली आधी उतरली. पाच मिनिटांत तिचा श्वास लागी लागला. मग धाकटा. त्यानं चेहरा पाण्यात घातला आणि अर्ध्या मिनिटात त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. खारट पाणी नाकात गेलं आणि तो हातपाय झाडू लागला. होडीत आजी ताडकन उभी राहिली. मला पोहता येत नव्हतं. मी कड्याला धरून त्याच्यापासून चार हातांवर होतो. मुलांनो, ते चार हात मला वाशीम ते मालवणाहून लांब वाटले.

तेवढ्यात थोरली ओरडली, "उताणा हो! हात वर!"

आणि पाठ केलेलं कामी आलं. तो गर्रकन उताणा झाला. जॅकेटनं त्याला अलगद वर धरलं आणि त्याचा एक हात वर आला. गाईडदादा क्षणात जवळ आले, मास्कमध्ये अडकलेले त्याचे केस बाजूला केले, पट्टा आवळला आणि मालवणीत म्हणाले, "पाण्याक भियाव नको. पण पाण्याचो मान ठेव."

पुन्हा जाणार का, असं त्याला कुणीच विचारलं नाही. दोन मिनिटं तो कड्याला धरून नुसता तरंगला आणि मग आपणहून त्यानं चेहरा पाण्यात घातला.

काय दिसलं त्याला? पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे थव्याथव्यानं त्याच्या नाकासमोरून गेले. खाली खडकांवर गोल, खडबडीत प्रवाळ होते. जुन्या पुस्तकांत 'प्रवाळकीटक' म्हणत, पण ते कीटक नव्हेत. ते जेलीफिशचे नातलग आहेत. ज्याला आपण दगड समजतो, ते अशा हजारो इवल्या जीवांनी बांधलेलं चुन्याचं घर असतं. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि यजमानालाही देतं. पाणी फार तापलं की ही जोडी फुटते आणि प्रवाळ पांढरे पडतात. गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. घमेल्याएवढा प्रवाळ म्हणजे तुमच्या आईबाबांच्या वयाचा! आणि आपण त्यावर पाय दिला, तर? एका लाथेत पंचवीस-तीस वर्षांचं काम मोडतं. म्हणून मालवणजवळचा हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. तिथे गेलात तर प्रवाळावर उभं राहायचं नाही, तुकडा उचलायचा नाही आणि माशांना पाव-बिस्किटं टाकायची नाहीत.

दुपारी देवबागला गेलो. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. मुखाशी वाळूचा एक पट्टा आहे. त्याला सुनामी बेट म्हणतात. २००४ च्या सुनामीनंतर तो वर आला, असं सांगतात. भोवती गुडघाभर पाणी. पण होडीवाले काका आधी पाण्याकडे पाहत बसले. म्हणाले, ओहोटी लागली की नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं, तेव्हा गुडघाभर पाणीही पाय उचलतं. आता भरती चढते आहे, तासभर खेळा. मी हाक मारली की लगेच होडीत.

गुडघाभर पाण्यालाही वेळापत्रक असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मुलं शिंपल्या शोधत होती. आजी होडीतून बराच वेळ पाहत राहिली. मग लुगडं खोचून, माझा हात धरून हळूच उतरली. पाणी तिच्या घोट्याला लागलं. काही वेळानं ती इतकंच म्हणाली, "त्याले बी कोनी शिकवलं असतं तं..." आणि गप्प झाली. थोरलीनं तिचा दुसरा हात धरला. आम्ही तसेच उभे राहिलो, काकांची हाक येईपर्यंत.

आता आईबाबांनो, थोडं तुमच्याशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. त्यांत मुलं फार. आणि हे काही समुद्रावरच घडतं असं नाही. आपल्या गावातलं शेततळंच पाहा. उतरते काठ, वर प्लास्टिकचं गुळगुळीत अस्तर. एकदा आत घसरलेल्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. तळ्याभोवती कुंपण घाला. आत गाठी मारलेला एक जाड दोर कायम सोडून ठेवा.

आणि मुलांनो, कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. बुडणारा मिठी मारतो आणि मग दोघंही जातात. आधी मोठ्यांना हाक मारा. काठावर आडवं पडून दोर, लांब काठी, साडी, ओढणी जे हाताशी असेल ते पुढे करा. झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकला, तरी माणूस त्याच्या आधारानं तरंगतो.

परत आल्यावर या उन्हाळ्यात आमची दोन्ही मुलं पोहायला शिकली, आणि त्यांच्याबरोबर मीही, चाळीस उलटल्यावर! मुलांच्या मामाच्या शेतात पायऱ्यांची विहीर आहे. पाठीला डबा बांधून, कमरेला दोर लावून, मामा स्वतः पाण्यात उतरून शिकवायचा. दोराचं दुसरं टोक लिंबाच्या खोडाला. मामा नसेल त्या दिवशी विहीर बंद.

काठावर लिंबाच्या सावलीत बाज टाकून आजी बसायची. पाण्यातली डोकी मोजण्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं. दर थोड्या वेळानं तिचा आवाज यायचा, "एक, दोन, तीन, चार... बरोबर हाय. चालू द्या!"