शिवेपलीकडचे पाणी

आम्ही जेथे राहतो त्या जागेचे नावच मोठे बोलके आहे. 'सीमा' या संस्कृत शब्दाचे मराठीत 'शीव' झाले, आणि मुंबई बेटाची हद्द एके काळी येथे संपत असे म्हणून या जागेला शीव म्हणू लागले. खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांची, अलीकडची मुंबई इंग्रजांची. या हद्दीवर नजर ठेवण्यासाठी गव्हर्नर जेराल्ड आंजियर याच्या कारकीर्दीत, म्हणजे १६६९ ते १६७७ या सालांच्या दरम्यान, टेकडीवर जो किल्ला बांधला गेला, त्याचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. पोर्तुगीज गेले, इंग्रजही गेले. परंतु शीव मात्र गेली नाही, ती टेकडीवरून उतरून आमच्या घरात येऊन बसली आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ते कसे कळले त्याची ही हकीकत. तीत फुशारकी थोडी आणि कबुली फार आहे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

शीव स्थानकाचे रूळ ओलांडून पश्चिमेस गेले की धारावी लागते. तेथील कोळीवाडा सर्वांत जुना. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार, कातडी कमावण्याच्या धंद्यापायी तिरुनेलवेलीकडून आलेले तमिळ, जरीकामाला व शिवणकामाला आलेले उत्तर प्रदेश-बिहारकडील कारागीर, अशी ही वस्ती थरावर थर चढत वाढली. इकडे शीव-कोळीवाड्यास १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबी निर्वासित येऊन राहिले, आणि माटुंग्यास तमिळ ब्राह्मणांची बिऱ्हाडे तर त्याहूनही आधीची. याच भागात माझी सारी मास्तरकी गेली. हजेरी घेताना अर्ध्या हिंदुस्थानची नावे माझ्या तोंडून जात. तेव्हा या सर्व लोकांना आपण ओळखतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

सेवानिवृत्तीनंतर घरात बसून पोथ्या चाळण्याचा कंटाळा आला, म्हणून मी धारावीत रुग्णसेवा करणाऱ्या एका लहानशा संस्थेत जाऊ लागलो. अर्ज भरून देणे, पत्रे वाचून दाखविणे, क्षयाचे रोगी औषध नियमाने घेतात की नाही याची घरोघर जाऊन विचारपूस करणे, असे माझे काम होते. माझ्याबरोबर समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतलेली एक तरुण मुलगी असे. वस्तीत तिला सारे 'ताई' म्हणत, म्हणून वयाने माझ्या मुलीसारखी असूनही मीही ताईच म्हणू लागलो. ती मला 'गुरुजी' म्हणे.

परोपकाराचेही शास्त्र असते आणि ते शिकावे लागते, ही गोष्ट मला तिच्यामुळे कळली. आमच्या मुंबईत या शास्त्राची परंपरा जुनी आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन करून परळला शाळा काढली, तेव्हा त्यांच्या भगिनी जनाबाई अस्पृश्य मानलेल्या मुलांना शिकवावयास पुढे आल्या. १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. १९२७ साली क्लिफर्ड मॅन्शार्ड नावाच्या अमेरिकन पाद्र्याने नागपाड्यास नेबरहुड हाऊस उघडले. यहुदी, मुसलमान, ख्रिस्ती व हिंदू एकत्र नांदणाऱ्या त्या मोहल्ल्यात पाद्र्याने आपल्या घराला नाव दिले ते शेजाराचे, हे मला फार सूचक वाटते. त्याच जागी १९३६ साली त्याच्या नेतृत्वाखाली सर दोराबजी टाटांच्या नावाची समाजकार्याची शाळा निघाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. पुढे १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली. रोगी बरा व्हावयाचा तर डॉक्टरखेरीज त्याच्या घरादाराची माहिती असणारे माणूसही हवे, ही गोष्ट तेव्हापासून मान्य झाली.

परक्या रीतिरिवाजांचे ज्ञान येथे किती उपयोगी पडते, याचे एकच उदाहरण देतो. आमच्या शीवेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ही पहिलीच. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला त्याच्या आईचे दूध मिळत नसेल, तर दुसऱ्या मातेने दिलेले दूध जंतुविरहित करून पाजावयाचे, अशी ही योजना. आता इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणे एकाच स्त्रीचे दूध प्यालेली मुले दूधभावंडे होतात आणि त्यांचा परस्परांशी विवाह होऊ शकत नाही. तेव्हा हे दूध कोणाचे, अशी शंका एखाद्या मुसलमान आजीला आली तर तो अडाणीपणा नव्हे. तिच्यापाशी तिचे शास्त्र आहे. आणि 'दूध कोणत्या जातीच्या बाईचे?' असा प्रश्न जिच्या मनात येईल ती आजी आपल्या घरातीलही असू शकेल. दोघींच्या शंका वरवर सारख्या दिसल्या, तरी त्यांची मुळे वेगळी असतात, आणि दोघींना एकच उत्तर देऊन भागत नाही.

हे सर्व ऐकून मी मास्तरी स्वभावाला अनुसरून एक वही घातली. मुसलमान घरी काय विचारावे, तमिळ घरी चपला कोठे काढाव्या, कुंभारवाड्यात कोणत्या सणाला काम बंद असते, अशी टिपणे त्या वहीत जमू लागली. आमच्या व्याकरणशास्त्रात उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम, आणि अपवाद म्हणजे त्याला बाध आणणारा विशेष नियम. चांगला वैयाकरणी दोन्ही मुखोद्गत ठेवतो. माणसांचेही असेच एक व्याकरण आपण सिद्ध करू, असा मला भरवसा होता.

पहिला धक्का रमजानात बसला. बिहारकडील एक जरीवाला तरुण क्षयाचे औषध घेत होता. साध्या क्षयाचे औषध सहा महिने रोज घ्यावे लागते. मध्येच सोडले तर जंतू त्या औषधाला जुमानत नाहीसे होण्याचा धोका असतो. मी वही पाहूनच गेलो होतो. 'आजाऱ्याला रोज्याची सूट असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. तरी रोजे धरणारच असाल, तर डॉक्टरांना विचारून गोळ्या पहाटे सहरीला घेता येतील,' असे मी त्याला सांगितले. त्याने मान डोलाविली. त्याच्या धर्माची आपल्याला एवढी माहिती आहे, याचे मला मनातून कौतुकही वाटले.

तीन आठवड्यांनी कळले की त्याने औषध सोडले आहे. ताई माझ्यासह त्याच्याकडे गेली, त्याला चहाच्या दुकानी घेऊन बसली आणि तिने एवढेच विचारले, 'भैया, दवा रखते कहाँ हो?' तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने सारे सांगितले. तो कारखान्याच्या माळ्यावर दहा जणांबरोबर निजत असे. त्याच्यापाशी एक पत्र्याची पेटी होती, तिला कुलूप नव्हते. गोळ्या कोणाच्या दृष्टीस पडल्या तर रोग कळेल, आणि रोग कळला तर काम व निवारा दोन्ही जातील, ही त्याची भीती. रोज्याचा यात काडीचाही संबंध नव्हता. मी त्याचा धर्म पाहिला. पण त्याच्या डोक्यावर छप्पर कोणाचे आहे, हे विचारावयाचे मला सुचले नाही. कारण वहीत तो 'मुसलमान' या मथळ्याखाली होता, 'मजूर' या मथळ्याखाली नव्हता. ताईने त्याच्या गोळ्या संस्थेच्या खोलीत ठेवून कामावर जाताना तेथेच घेण्याची सोय केली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध पुन्हा सुरू झाले आणि तो बरा झाला. पण माझ्या विद्वत्तेपायी त्याचे जे आठवडे फुकट गेले, ते मी विसरू शकत नाही.

दुसरा प्रसंग याहून जिव्हारी लागला. एका तमिळ म्हातारीच्या विधवा मुलीला तोच रोग होता. म्हातारीचा नवरा कातड्याच्या कारखान्यात आयुष्यभर राबलेला. पहिल्या दिवशी दहा वर्षांचा नातू दुभाष्याचे काम करू लागला तेव्हा ताईने त्याला खेळावयास पाठवून शेजारची एक बाई बोलावून आणली. परतताना ती मला म्हणाली, 'गुरुजी, काही शब्द मुलाच्या तोंडून आईला विचारू नयेत.' हेही मी वहीत टिपले.

म्हातारी मला 'वाद्यार' म्हणे. तमिळमध्ये वाद्यार म्हणजे शिक्षक, आणि हा शब्द आपल्या 'उपाध्याय' या शब्दापासून निघाला आहे, हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला! मी तिला ती व्युत्पत्ती समजावूनही सांगितली. ती हसली. तिने नेहमीप्रमाणे स्टीलच्या पेल्यात पाणी आणून ठेवले, आणि मीही नेहमीप्रमाणे 'नको, आत्ताच घेऊन आलो' असे म्हणालो. तेव्हा ती ताईकडे पाहून मोडक्या हिंदीत अगदी शांतपणे म्हणाली, 'वाद्यार इधर पानी नहीं पीता.' त्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस आला, असे आपण म्हणतो, तसेच तिने ते सांगितले.

मी घाईघाईने म्हणालो, 'पोट नाजूक आहे, डॉक्टरांनी उकळलेलेच पाणी सांगितले आहे.' हे खोटे नव्हते. परंतु परतताना रुळांपाशी आलो तेव्हा आठवले की गेल्याच आठवड्यात माटुंग्याला एका अय्यर स्नेह्याच्या घरी मी न विचारता दोन पेले पाणी प्यालो होतो. तेथे पोट नाजूक नव्हते काय? डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ही तारीख मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतली. तिच्यावर प्रश्न विचारले, गुण दिले आणि कापले. आणि तीच परीक्षा माझ्यापुढे एका पेल्यात वाढून ठेवलेली असताना मी दर आठवड्याला नापास होत होतो!

मी सोवळेओवळे मानतो असे मला कोणी म्हटले असते, तर मी रागावलो असतो. लहानपणी आजीच्या हाताखाली जे वळण लागले ते मी केव्हाच टाकले, अशी माझी समजूत होती. ते मी बुद्धीने टाकले होते. हाताने टाकले नव्हते. आणि गंमत ही की माझ्या वहीत तमिळ होते, मुसलमान होते, कुंभार होते; परंतु 'शीवेतील ब्राह्मण मास्तर, त्याचे रीतिरिवाज' असे पान एकही नव्हते. बाकी सर्वांना चालीरीती, आणि आपण तेवढे नुसती माणसे! वास्तविक ज्याच्या दारात आपण उभे राहतो, तो आपल्याला पहिल्या क्षणी वाचत असतो. मी म्हातारीचे घर पाहण्यापूर्वीच तिने माझा हात पाहिला होता.

पुढच्या खेपेस मी पाणी मागून घेतले. म्हातारीने काहीच म्हटले नाही. पेला घेऊन गेली, एवढेच. तिच्या मुलीने मात्र त्या दिवशी प्रथमच आपणहून सांगितले की गोळ्यांनी तिला मळमळते, म्हणून ती काही दिवस त्या टाळते. त्याचा पाण्याशी संबंध होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ताईला विचारले, तर ती म्हणाली, 'असेल, नसेलही. पण गुरुजी, आता वहीत लिहून ठेवू नका.'

वही मी फेकून दिलेली नाही. रमजान कधी आहे हे न कळता मुसलमान वस्तीत जाणे हाही एक उद्दामपणाच. परंतु वहीचा उपयोग प्रश्न सुचण्यापुरता. उत्तर प्रत्येक घरी नव्याने विचारावे लागते, आणि विचारल्यावर गप्प बसावे लागते. मास्तराला हे दुसरे काम फार जड जाते.

या प्रसंगानंतर एका सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेला एक कप मला दिसला. तो वर्षानुवर्षे तेथेच होता. मला तो त्या दिवशी दिसला. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंचा तो वेगळा कप. मी घरात विषय काढला. सौ. म्हणाली, 'मी का मुद्दाम वेगळा ठेवला? सासूबाईंच्या वेळेपासून आहे.' हे उत्तर माझ्या नाजूक पोटासारखेच खरे होते. तिचे तिलाच ते जाणवले असावे, कारण दुपारी तो कप तिने बाकीच्या कपांबरोबर फळीवर ठेवला.

बाई पुढे कितीतरी दिवस फळीवरून नेमका तोच कप शोधून काढीत. शीव दोन्ही बाजूंनी पाठ झालेली असते. परवा सूनबाईने चहा गाळला आणि हाताशी आला तो कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी क्षणभर तो पाहिला, आणि मग सूनबाईच्या शेजारी बसून चहा प्याल्या.