गरम झाली की करंट ना

1970 च्या दशकात गोव्यात ट्रॉलरांविरुद्ध रांपणकारांचं आंदोलन पेटलं, ते आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. पुढे वल्ह्यांच्या होड्यांनाही मागे आउटबोर्ड मोटर बसू लागली. मी बँकेत, त्यामुळे अशा मोटरींच्या कर्जाचे कागद माझ्या टेबलावरून गेले. कागदावर किंमत दिसते, हप्ता दिसतो. मोटर बंद पडली की घरात काय होतं ते दिसत नाही.

शापोऱ्याचे आमचे एक स्नेही अजून मासेमारी करतात. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला मॅनेजर. त्यांची मोटर जुनी, दोन सिलिंडरची, पॉइंटवाली. रोग असा : सकाळी एका दोरीत सुरू, पंधरा-वीस मिनिटं झकास, मग एका सिलिंडरवर लंगडत लंगडत बंद. अर्धा तास थांबलं की परत सुरू. "थंड आसता तेन्ना चलता, गरम जातकच करंट ना," दादा म्हणाले. नदीत हे चालून जातं हो, पण मुखाशी वाळूवर लाटा फुटतात. तिथे इंजीन गेलं की होडी आडवी होते. एकदा मुलगा सोबत असताना नेमकं तेच झालं, वल्ही मारत कसेबसे आत आले. त्या दिवसापासून सून नवऱ्याला होडीवर पाठवेना.

दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. सत्तरी ओलांडलेल्याला कर्ज कोण देणार, हे मला कुणी सांगायला नको.

मी कॉमर्सचा. पण बजाज आणि लॅम्ब्रेटाचे पॉइंट घासण्यात आमची अख्खी पिढी तरबेज, आणि इथेही फ्लायव्हीलखाली तोच संसार. बॅटरी नाहीच. दोरी ओढली की चुंबक कॉइलपुढून फिरतं, करंट तयार होतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, करंट तुटतो, आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उठून प्लगवर ठिणगी पडते. पॉइंट जळू नयेत म्हणून कंडेन्सर.

फ्लायव्हील काढताना नट सोडवून शाफ्टवर हातोडा घालणारे महाभाग मी पाहिलेत. पुलरच लावावा, आणि तोही मधल्या भोकांत बोल्ट घालून. कडेला धरून ओढलं तर चाक वाकतं. आतली अर्धचंद्रासारखी चावी शाबूत होती, म्हणजे टायमिंग सरकलेलं नव्हतं. पॉइंट खाऱ्या हवेने काळे पडलेले. बारीक कानशीने घासले, मग माझं जुनं व्हिजिटिंग कार्ड मधून ओढून तेलकटपणा पुसला. या मोटरीला गॅप वीस थाऊ, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. दोन्ही कंडेन्सर नवे घातले.

पाण्याच्या पिंपात मोटर चालवली. अठराव्या मिनिटाला तोच खोकला.

मग पेट्रोल लांब ठेवून, प्लग काढून, इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून दोरी ओढली. वरच्या प्लगवर निळी, कडक ठिणगी. खालच्यावर काही नाही. दोन सिलिंडरना दोन स्वतंत्र कॉइल. त्यांची अदलाबदल केली, परत तापवली. आता खालचा प्लग ठणठणीत आणि वरचा मेलेला! रोग कॉइलबरोबर वर गेला, म्हणजे चोर तीच. बाहेरच्या आवरणाला केसाएवढी चीर होती. गार असताना काम भागायचं, तापली की आतल्या आत करंट गळायचा. मला विचाराल तर जुन्या मोटरींचा अर्धा बदलौकिक अशा एखाद्या कॉइलमुळे असतो.

नवी कॉइल मुंबईहून यायला बारा दिवस लागले. बसवताना तिची टोकं प्लेटवरच्या उंचवट्यांच्या बरोबर रेषेत हवीत. पुढे आली तर चुंबक घासतं, मागे राहिली तर ठिणगी मंद. दुसरी कॉइलही त्याच वयाची, म्हणून दादांनी तीही बदलून टाकली. दोन्ही मिळून खर्च नव्या मोटरीच्या पासंगालाही पुरणार नाही.

पिंपात चाळीस मिनिटं, मग भरतीला नदीत तासभर. खोकला नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा होडीवर होता. सुनेची अट एकच : वल्ही घरी ठेवायची नाहीत.