गाडीचा तोल

दसरा उलटला, की बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात गावोगावी आवराआवर सुरू होते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी घर सोडतात आणि साखर कारखान्यांच्या परिसरात कोपी बांधून पाच-सहा महिने राहतात. ज्यांना ऊस बैलगाडीने वाहावयाचा असतो, त्यांना रबरी चाकांची गाडी बहुधा कारखान्याकडून भाड्याने मिळते; बैल मात्र स्वतःचे असतात. बैल जायबंदी झाला, तर कमाईही थांबते. म्हणून गाडीवानाचे सारे लक्ष गाडीच्या तोलाकडे.

गाडीला चाके दोनच. तिचा साटा आसावर तराजूच्या दांडीसारखा तोललेला असतो. मोळ्या पुढे अधिक रचल्या, तर जू बैलांच्या मानेवर दडपते आणि खांदे सोलवटून निघतात. मागे अधिक झाल्या, तर जू वर उचलले जाऊन गळ्यातील पट्टे आवळतात. चढावर ओझे मागे रेलते, उतारावर तेच मानेवर येते. दीड-दोन टन ऊस असा रचणे हे काही अडाण्याचे काम नव्हे, मग रचणारा शाळेत गेलेला असो वा नसो.

शंकरपटात धावणाऱ्या छकड्याला ओझे नसते. त्याचा सांगाडा शक्य तितका हलका करतात, म्हणून हाकणाऱ्याचे वजन हेच ओझे ठरते; तो पुढे झुकला वा मागे रेलला, की बैलांना ते तत्काळ कळते. अशा शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी वैध ठरविला.

हंगाम संपला, की कुटुंबे गावी परततात. घरी जुनी लाकडी गाडी असेल, तर आता तिची पाळी. तिची चाके बाभळीची. मध्ये तुंबा, त्यात आरे, भोवती पुठ्ठे आणि या साऱ्यांना कवटाळणारी लोखंडी धाव. ही धाव मुद्दामच चाकाहून किंचित लहान घेराची करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद झाली, की लोखंड प्रसरण पावते. 4 मीटर घेराची धाव 600 अंशांनी तापली, तर तिचा घेर सुमारे 3 सेंटिमीटरांनी वाढतो. सांडशीने उचलून ती चाकावर बसवितात. लाकडातून धूर उठतो, आणि लगोलग वरून पाणी ओततात. लोखंड आकसते, आणि सुटे सुटे भाग करकचून एक होतात. पाण्याला उशीर झाला, तर चाक करपते. बसविण्यात घाई झाली, तर धाव तिरकी बसते.

पण उन्हाळ्यात लाकूड सुकते, धाव सैल होते आणि आरे खडखडू लागतात. आसाला कितीही वंगण दिले, तरी ती खडखड जात नाही. पाण्याच्या मुलखात अशी चाके ओढ्यात भिजत घालतात; लाकूड फुगते आणि धाव पुन्हा घट्ट बसते. बीडच्या वैशाखात ओढे बहुधा कोरडे असतात. मग धाव उतरवावी लागते, तिचा लहानसा तुकडा कापून टोके पुन्हा सांधावी लागतात, आणि लोहाराच्या अंगणात गोवऱ्या रचल्या जातात.