हार पत्करण्याची सोय

निवृत्तीनंतर माणूस खऱ्या अर्थाने प्रेक्षक होतो. नोकरीत असेपर्यंत आपणही मैदानात आहोत, असा एक समज असतो. फाइल अडवणे आणि फाइल सोडणे यांनाही आपण डाव-प्रतिडाव मानत असतो. मग शासनाने ठरवून दिलेल्या तारखेला घंटा वाजते, सहकारी चार शब्द बोलतात, आणि दुसऱ्या दिवसापासून इतरांची झुंज पाहणे एवढेच काम उरते. आम्ही हे काम मनापासून स्वीकारले आहे. अधूनमधून रविवारी सकाळी ग्वाल्हेरच्या आमच्या घरी पोह्यांच्या बशा घेऊन आम्ही आणि आमचा नातू टीव्हीसमोर बसतो. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र असते, आणि तिकडच्या अष्टकोनी पिंजऱ्यात दोन माणसे लाथा, बुक्क्या, कोपर आणि गुडघे यांनी परस्परांचा समाचार घेत असतात. या प्रकाराला मिक्स्ड मार्शल आर्ट्स, थोडक्यात एमएमए, असे म्हणतात. नातवाला दुसरे काही रुचत नाही. आम्ही मूळचे बॉक्सिंगचे, आणि त्याही आधी मातीतल्या कुस्तीचे. त्यामुळे पोहे संपतात, वाद संपत नाही. वाद एवढाच की, पाहण्याजोगा खेळ कोणता?

बॉक्सिंगची बाजू आम्ही नेहमी संगीताच्या आधाराने मांडतो. ग्वाल्हेरात राहून दुसरे काय करणार! भूप रागात स्वर पाचच. परंतु त्या पाचांत गवई तासभर रमतो आणि आपल्यालाही रमवतो. बॉक्सिंगचे तसेच आहे. लाथ नाही, पकड नाही, कमरेखाली प्रहार नाही. दोन मुठी, आणि त्यांचे जॅब, क्रॉस, हुक, अपरकट असे मोजके प्रकार. साहित्य इतके थोडे असल्यामुळेच पाहणाऱ्याची नजर तयार होते. तीन मिनिटांची फेरी, मिनिटभर विश्रांती, पुन्हा फेरी. मोठ्या लढतीत अशा बारा फेऱ्या. चौथ्या फेरीपर्यंत कोणाचा डावा हात खाली येऊ लागला, कोणाची पावले जड झाली, हे आमच्यासारख्या कधी हातमोजा न चढवलेल्या माणसालाही दिसू लागते. मर्यादा खेळाडूला बांधते, प्रेक्षकाला मात्र दृष्टी देते.

शिवाय बॉक्सिंगपाशी दहा अंकांचे नाट्य आहे. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत माइक टायसन आणि बस्टर डग्लस यांची लढत झाली. टायसन तोवर अजिंक्य होता. आठव्या फेरीत त्याने डग्लसला खाली पाडले, तो नऊच्या अंकाला कसाबसा उठला. आणि दहाव्या फेरीत त्याच डग्लसने टायसनला आडवे केले. जगज्जेता हातापायांवर रांगत तोंडातून पडलेले दंतकवच चाचपतो आहे, ते कसेतरी दातांत धरतो आहे, आणि पंच अंक मोजतो आहे, हे दृश्य विसरणे शक्य नाही. दहा सेकंदांत एका माणसाचे साम्राज्य मावळताना दिसते. नाटककाराला याहून अधिक काय हवे?

एमएमएपाशी हे नाट्य नाही. तिथे अंक मोजत नाहीत. पडलेल्या माणसावर दुसरा तुटून पडतो आणि पंच मध्ये झेप घेईपर्यंत थांबत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी हे एकदाच पाहिले. “पडलेल्याला मारतात?” एवढाच प्रश्न विचारून त्या उठून गेल्या, त्यानंतर पोहे देण्यापुरत्याच त्या दिवाणखान्यात येतात. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९६ साली अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅकेन यांनी या खेळाला माणसांची कोंबडझुंज म्हटले होते, ते जवळपास याच भावनेने. न्यूयॉर्क राज्यात तर व्यावसायिक एमएमएला २०१६ पर्यंत परवानगी नव्हती.

या खेळाचा प्रारंभही तसाच होता. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे यूएफसीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वजनी गट नव्हते आणि नियम नावापुरते होते. वेगवेगळ्या विद्या एकमेकींसमोर उभ्या केल्या, तर कोणती टिकेल, हे पाहण्याचा तो उद्योग होता. त्यात आर्ट जिमरसन नावाचा एक बॉक्सर एका हातात हातमोजा आणि दुसरा हात मोकळा, अशा अवतारात उतरला. समोर ब्राझीलचा सडपातळ रॉयस ग्रेसी. ग्रेसीने त्याला खाली घेतले आणि तो वर बसला, तेव्हा जिमरसनने कोणताही पेच पुरता आवळला जाण्यापूर्वीच शरणागती दिली. त्या रात्री ग्रेसीने तिघांना हरवले. जमिनीवर पडणे म्हणजे लढत संपणे नव्हे, तिथून ती सुरू होते, हे पाश्चात्त्य प्रेक्षकांना त्या रात्री समजले.

आम्हाला ते नवे नव्हते. चंबळ खोऱ्यातील एका तहसिलीत नायब तहसीलदार असताना मेळ्यातील दंगलीला बंदोबस्ताच्या आणि बक्षीस-वितरणाच्या निमित्ताने आम्हाला पुढच्या खुर्चीवर बसावे लागे. दोन पहिलवान मातीत एकमेकांवर दहा-दहा मिनिटे निश्चल पडलेले पाहून आम्ही घड्याळाकडे नजर टाकली, तेव्हा शेजारी बसलेल्या वृद्ध वस्तादांनी समजावले, “साहेब, वरच्याकडे पाहू नका. खालच्याची कंबर पाहा. ती उचलली गेली की कुस्ती बदलली.” त्या दिवसापासून आम्ही खालच्या माणसाला पाहू लागलो. आज पिंजऱ्यातली जमिनीवरची झटापट पाहून कित्येकांना कंटाळा येतो, आम्हाला येत नाही; आणि नातवाला तिच्यातले बारकावे आम्हीच दाखवतो, ही आमची छोटीशी मिरासदारी आहे.

अर्थात कंटाळणाऱ्यांना दोष देता येणार नाही. आमच्या ग्वाल्हेरहून जवळच असलेल्या दतिया संस्थानच्या आश्रयाला वाढलेला गामा पहिलवान १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये पोलंडच्या झ्बिस्कोशी लढला. गामाचा झपाटा ओळखून झ्बिस्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक काळ चाललेली ती कुस्ती बरोबरीत सुटली आणि प्रेक्षक वैतागले. पुढे १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत निकाल लावला. १९७६ साली टोकियोत मुहम्मद अली आणि जपानी मल्ल अंतोनियो इनोकी यांच्या पंधरा फेऱ्याही अशाच वाया गेल्या. इनोकी पाठीवर पडून लाथा झाडत राहिला आणि अली त्याच्याभोवती फिरत राहिला. ज्याला जमिनीची भाषा येत नाही, त्याच्यासाठी जमिनीवरची लढत मुकीच असते. या बाबतीत बॉक्सिंग सरस, हे आम्ही नातवाला ठणकावून सांगतो.

परंतु गेल्या काही वर्षांत आम्हाला सौभाग्यवतींचा प्रश्न अधिक छळू लागला आहे. सुंदर काय, याच्या आधी, पाहवते काय, हे ठरवायला हवे. डोळ्यांना एमएमए अधिक क्रूर दिसते, यात शंका नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या वैद्यकीय अभ्यासकांनी दहा वर्षांच्या लढतींनंतरच्या तपासण्या पाहिल्या, तेव्हा एमएमए खेळणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के आणि बॉक्सरांपैकी सुमारे ५० टक्के जखमी आढळले. पण शुद्ध हरपण्याचे प्रमाण बॉक्सिंगमध्ये ७ टक्क्यांच्या आसपास, तर एमएमएमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास होते. रक्त एकीकडे अधिक, मेंदूवरचा घाला दुसरीकडे अधिक. हातमोजा जाड असतो तो ज्याला ठोसा बसतो त्याच्यासाठी नव्हे, जो ठोसा मारतो त्याच्या बोटांसाठी. आणि ज्या दहा अंकांचे आम्ही इतके कौतुक केले, ते अंक भेदरलेल्या मेंदूला पुन्हा उठून आणखी मार खाण्याची संधी देत असतात.

खरा भेद इथे आहे. बॉक्सिंगमध्ये हरणाऱ्याला ‘पुरे’ म्हणण्याची मानाची सोय नाही. पंच थांबवील, कोपऱ्यातला गुरू थांबवील. स्वतः थांबला तर जन्माचा डाग. २५ नोव्हेंबर १९८० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये शुगर रे लेनर्डविरुद्धच्या आठव्या फेरीत रोबेर्तो दुरानने हात झटकून पाठ फिरवली. दुरान हा त्या शतकातील थोर बॉक्सरांपैकी एक. पुढेही त्याने जगज्जेतेपदे मिळवली. तरी ती लढत आजही ‘नो मास’, म्हणजे ‘आता पुरे’, याच नावाने ओळखली जाते आणि त्याच्या नावाला चिकटून आहे. उलट, १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासमध्ये कोरियाचा किम डुक-कू रे मॅन्सिनीसमोर चौदाव्या फेरीपर्यंत उभा राहिला, कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग परिषदेने पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्या. एकाने ‘पुरे’ म्हटले म्हणून तो हिणवला गेला. दुसऱ्याने म्हटले नाही, म्हणून नियम बदलावे लागले.

एमएमएने जुजुत्सूसारख्या विद्यांकडून एक साधी गोष्ट घेतली. गळा आवळला गेला, हात सांध्यातून निघू पाहू लागला, की खालच्या माणसाने मोकळ्या तळहाताने प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर दोन-तीन थापा द्यायच्या. पंच धावतो, पकड सुटते, दोघे उठतात आणि बहुधा मिठी मारतात. भारतातून यूएफसीत पोहोचलेला मुंबईचा भरत कंदारे २०१७ साली शांघायमध्ये आपली पहिली लढत अशाच गळपकडीत हरला; त्यामुळे त्याचे धैर्य कोणी कमी लेखले नाही.

तिथेही हट्टी माणसे आहेत, हे मान्य. १९५१ साली रिओ दि जानेरोत जपानच्या किमुराने हेलियो ग्रेसीचा हात पिरगाळून मोडला, तरी ग्रेसीने थाप दिली नाही. त्याच्या माणसांना टॉवेल टाकावा लागला. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वचन आपल्याही कानांना फार गोड वाटते. ते पुतळ्याखाली शोभते. आपल्या घरातल्या मुलाने ते आचरावे, असे मात्र कोणालाच वाटत नाही. एमएमएतही मृत्यू झाले आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ लढती थापेने नव्हे, पडलेल्यावरच्या ठोशांनी संपतात. त्या वेळी आम्हीही नजर बशीकडे वळवतो.

आपल्या कुस्तीने हा प्रश्न सर्वांत सभ्यपणे सोडवला होता. पाठ मातीला लागली की निकाल. कोणाला इजा होण्याची गरजच नाही. ते सौजन्य पिंजऱ्यात नाही, दोरखंडांच्या रिंगणातही नाही. म्हणून सौंदर्याचा मान आम्ही आजही बॉक्सिंगला देतो. परंतु नातवाबरोबर निर्धास्त मनाने पाहावी, अशी एकच गोष्ट त्या दोहोंत आम्हाला सापडली आहे, आणि ती पिंजऱ्यात आहे. पाठीवर थाप पडली की आपण तिला शाबासकी म्हणतो. तिथे हरणारा जिंकणाऱ्याच्या पाठीवर ती थाप देतो, आणि जिंकणारा तत्क्षणी हात सैल करतो. आम्ही आता तेवढ्यासाठी पाहतो, वस्तादांनी सांगितले तसे, खालच्या माणसाकडे.